उभ्या गाडीचं ॲव्हरेज

— सतरा? सतराचं ॲव्हरेज कुणी सांगितलं तुम्हाला, ह्यांनी? हां, मोबाईलवरच्या जाहिरातीत टाकलंय व्हय. ते कंपनीचं हाय, जिलानीभाई, गाडीचं न्हाई. कंपनीवाले कुठं चालवून बघत्यात काय की, तिथं ना खड्डा, ना गतिरोधक, ना पुढं उसाची ट्रॉली. आमची नऊ देती. लई झालं तर दहा. आता तुम्ही नांदेडहून एवढ्या लांब गाडी बघायला आलात, तुमच्यापुढं खोटं बोलून मला काय मिळणार? चाकूरहून मोकळ्या रस्त्यानं आणली की चौदा दाखवती मीटरवर, मग दोन दिवस हिथं लातुरात उभी राहिली की पुन्हा नऊ. उभी राहून कशी खाती म्हणता? तेच तर. आमची गाडी उभ्यानं बी खाती. — बसा ना त्या कट्ट्यावर, सावली हाय. हे येतीलच, आमच्या तनुजाला आणायला गेलेत, रविवारी टेस्ट असती क्लासची. स्कुटीवर गेलेत. हाव, एवढी गाडी दारात आन गडी स्कुटीवर — त्या क्लासच्या बोळात ही शिरतच न्हाई. पोरीच्या क्लाससाठी म्हणून घेतली आन क्लासला सोडून सगळीकडं जाती.

तुमची बी पोरगी टाकायचीय ना लातूरला? काय नाव म्हणलात — अलीझा. चांगलं हाय नाव. मग पुढच्या सालापासून तुमचं बी हेच. ही बिल्डिंग बघा, चार मजले हायत आन चारी मजल्यावर नुसत्या आया. देगलूरची एक, जळकोटची एक, माझ्या डोक्यावर इस्लापूरची. नवरे तिकडं दुकान नाही तर शेत बघत्यात, बायका हिथं दोन खोल्या घेऊन पोरांना भाकरी करून घालत्यात, आन शनिवारी नवरा पाहुण्यासारखा दळण आन ज्वारी घेऊन येतो. आमचं दुकान हाय चाकूरला, सिमेंट-सळईचं. तनुजाचं हे दुसरं वर्ष, मागच्या बारीला डॉक्टरकीला थोडक्यात हुकलं. आता शनिवारी यायला ह्यांना गाडी कशाला पाहिजे होती, सांगा? एसटी हाय. पण न्हाई. पालकसभेला जाऊन बघा एकदा क्लासच्या दारात — एकापुढं एक अशा डोंगराएवढ्या गाड्या लागलेल्या असत्यात, जसं काय पोरगं डॉक्टर झालंच, नुसता पांढरा कोट शिवायचा राहिलाय. मला वाटलं ह्यांना बी तेच याड लागलं. 

आन सर्व्हिसिंगचं विचारा. विचारत न्हाई तुम्ही, पण विचाराच. शोरूमला गाडी नेली की टाय लावलेलं एक पोरगं पळत येतं, ‘मॅडम बसा’ म्हणतं, पहिलं पाणी देतं, मग कॉफी. मला त्या कॉफीचीच भीती बसलीय — कॉफी आली की समजायचं, बिल मोठं हाय. तेल बदललं, समजतं मला. फिल्टर बदललं, समजतं. पण एसीचा वास काढला म्हणून वेगळे पैसे? कशाचा वास होता? माझ्या शेंगदाण्याच्या चटणीचा होता. मी म्हणलं राहू द्या की, आम्हाला आवडतो. तर म्हणतं, मॅडम, आता काढून झाला. आन युरिया. हसू नका, खरं सांगते, धूर साफ करायला गाडीला युरिया लागतो. ह्यांनी पहिल्यांदा सांगितलं तवा मला वाटलं मस्करी करून राहिले. तिकडं उसाला मिळंना म्हणून माझा भाऊ सोसायटीच्या दारात उभा, आन हिथं ह्या बाईसाहेबांना डबा भरून पाजायचा. बाहेरच्या गॅरेजला न्यावी म्हणलं तर वॉरंटी जाती म्हणत्यात. म्हणजे लग्न केलं तसंच झालं की, दुसऱ्या दारात जायची सोय न्हाई.

त्यात ती जाळी. डिझेलच्या नव्या गाड्यांना खाली नळीत धूर गाळायची जाळी असती म्हणं, ती तुंबती. पिवळा दिवा लागतो पुढं. हिथल्यांनी साफ केली, पुन्हा तुंबली. पुन्हा साफ केली, कॉफी पाजली, पुन्हा तुंबली. मग त्यांनी हात टेकले आन आम्ही नेली नांदेडला, तुमच्या गावाला. तिथं एक वयस्कर सायब होते, त्यांनी कॉम्प्युटर जोडला, बराच वेळ बघितलं, आन ह्यांना म्हणले — ‘शिवमूर्तीराव, ही गाडी पळती कमी आन जाग्यावर चालू असती जास्त. टॅक्सीला लावलीय का कुणाच्या?’ मी शेजारीच बसलेली. ह्यांनी नुसतं बिल मागितलं. काय सांगायचं परक्या माणसाला? — न्हाई हो, टॅक्सीला न्हाई लावली, तसलं काही न्हाई. घरचीच हाय. ते आपलं उन्हाळ्यात एसी लावून बसत्यात हे. बसत्यात म्हणजे — झोपत्यात.

आता आलं तोंडातून तर आलं. ह्यात झोपत्यात ते. शनिवारी येत्यात, वर जेवत्यात, पोरीला काय आलं काय न्हाई विचारत्यात, आन बिस्तर काखंत मारून खाली. वर पंखा हाय, कूलर हाय, नवी गादी घेतलीय. आन मालक पार्किंगमधी. सगळी बिल्डिंग बघती. ती इस्लापूरची मला जिन्यात गाठून विचारती, ताई, काही वाद झालाय का घरात? वाद असता तर बरं झालं असतं, मिटला तरी असता.

भूकंपातले हायत ते. तिकडं किल्लारीच्या बाजूचे. लहान होते, अकरा-बारा वर्षांचे. गणपती बुडवून आलेली पोरं देवळाच्या पारावरच झोपली, म्हणून वाचली. घरचे घरात होते. — न्हाई, कुणीच न्हाई. आई, आन दोघी बहिणी. बाप त्याच्या आधीच गेलेला. मग मामानं चाकूरला आणून वाढवलं, दुकानात बसवलं. हे सगळं मला मामीनं सांगितलं लग्नानंतर. ह्यांनी आजपातूर एक शब्द काढला न्हाई. चाकूरच्या घराला पत्रे हायत आमच्या, बघा, दुकान सिमेंटचं आन घराला पत्रे, पाहुणे हसत्यात. गिऱ्हाईकाला सांगत्यात ही सळई घ्या, पिढ्यान्‌पिढ्या हलायची न्हाई, आन स्वतः स्लॅबखाली पाठ टेकत न्हाईत. मी त्यांना भित्रा म्हणते. तोंडावर म्हणते, कामून लपवू? तीस वर्षं होऊन गेली, लातूर कुठल्या कुठं गेलं, सगळ्या राज्याची पोरं ह्या स्लॅबखाली येऊन निवांत घोरत्यात, आन तुम्ही गाडीत अंग आखडून. लाज वाटत न्हाई का म्हणते. गडी हसतो आन खाली जातो.

पहाटं तर कहर असतो. अंधार असतानाच उठून बसायचं आन मोठे दिवे लावायचे. कुठं? बिल्डिंगवर. ह्या समोरच्या भिंतीवर, असा झगझगीत उजेड, उजाडस्तोवर. दिव्यांनी दोनदा बॅटरी बसली, तिचे पैसे शोरूमनं घेतले ते वेगळेच, तवापासून दिव्याबरोबर इंजिन बी चालू ठेवत्यात. मग जाळी तुंबणार न्हाई तर काय होईल? नऊ तरी कशी देती बिचारी, त्याचंच नवल हाय. तळमजल्यावरच्या मास्तरांनी तक्रार केली, झोपंत तोंडावर उजेड येतो म्हणून. त्यांच्याशी आधीच वाकडं हाय. ह्या जाग्यावरनं झालं. आम्हाला जागा मिळाली होती तिथं जिन्याखाली, मस्त सावलीची, ती मास्तरांना देऊन ही त्यांच्याकडनं भांडून घेतली — गेटपाशी, उघड्यावर, दिवसभर ऊन. मास्तरांना गाडी काढायला गेटच सोपं पडायचं. रंग जाईल म्हणलं गाडीचा. ऐकलं न्हाई.

म्हणून म्हणलं विका. गाडी गेली की झक मारत वर येतील, जातील कुठं. दर शनिवारी म्हणत होते, ऐकत न्हवते. मग मागच्या महिन्यात तनुजा रडत आली क्लासहून. पोरींनी विचारलं म्हणं तिला, तुझे पप्पा वॉचमन हायत का ग त्या बिल्डिंगचे? तिनं ते ह्यांच्यापुढंच सांगितलं. ह्यांचं ताट तसंच राहिलं. आन उठता उठता म्हणले, विकतो. जाहिरात बी त्यांनीच टाकली, सतराचं ॲव्हरेज लिहून. खोटं बोलायचं बी धड जमत न्हाई माणसाला.

डिकी? उघडा की, बघा सगळं. मागची सीट सपाट होती, तिथं घोंगडी असंल, सरकवा बाजूला. जॅक खाली असंल, ते झाकण उचला. — काय हाय? पहार? पहार कशाला असंल गाडीत. दुकानातली राहिली असंल. — आणखी काय? दोरी. घमेलं. चामड्याचे हातमोजे. हे बी दुकानातलंच... न्हाई, हे नवं दिसतंय, ह्याच्यावरची चिठ्ठी बी निघाली न्हाई. ते पाकिटात काय हाय, दाखवा इकडं. शिट्टी.

लाल शिट्टी. ही तर वर हाय आमच्याकडं. अशीच. एक तनुजाच्या उशाशी खिडकीच्या गजाला बांधलीय ह्यांनी, एक माझ्या बाजूला. चोर-बिर आला तर वाजवा म्हणले. तिसऱ्या मजल्यावर खिडकीतनं कुठला चोर येतोय, म्हणून मी माझी सोडून टाकली होती. पुढच्या शनिवारी पुन्हा बांधलेली.

थांबा जरा, जिलानीभाई. एक सांगा मला. भिऊन खाली आलेल्या माणसाला पहार कशाला लागती? जीव वाचवायचा असंल तर किल्ली पुरं की — गाडी चालू करायची आन निघायचं. घमेलं कशाला? — मामी म्हणली होती, त्यांनी हातानं उकरलं म्हणून. एवढंसं पोरगं. पारावरनं पळत आलं तर घराच्या जाग्यावर दगड-मातीचा ढीग, आन अंधार असा की आपला हात दिसंना. हातात काही न्हाई, मोठं माणूस जवळ न्हाई. आतून धाकटीचा आवाज येत होता म्हणं. दादा, दादा करत होती. उजाडल्यावर दिसायला लागलं, तवा आवाज न्हवता.

म्हणून दिवे.

आन ही जागा बी. हिथवर बिल्डिंग पडली तरी यायची न्हाई. मास्तरांशी भांडून, उन्हातली. आन मी रंग जाईल म्हणून बोलून राहिले. वर झोपा, वर झोपा. सगळीच वर झोपली तर —

न्हाई, तुम्ही किंमत नका सांगू. किंमतीचा प्रश्नच न्हाई आता. घेऊन काय करता असली गाडी? नऊ देती म्हणलं ना तुम्हाला. जाळी तुंबती, युरिया पिती, शोरूमवाले कॉफी पाजून खिसा रिकामा करत्यात. अलीझाला एसटीनं पाठवा, पोरी शिकायच्या असल्या की एसटीनं बी शिकत्यात. किंवा मला फोन करा, खोली बघून देते ह्याच बिल्डिंगमधी, तिच्या अम्मीला सोबत होईल. पण गाडी न्हाई. — आलात एवढ्या लांबनं, समजतं मला, चहा तरी पाजायला पाहिजे होता. पुढच्या बारीला पाजते. आज हे यायच्या आत निघा तुम्ही. त्यांना मी सांगते, गिऱ्हाईक आलं होतं, ॲव्हरेज पसंत पडलं न्हाई म्हणून गेलं. तनुजाचं मी बघते. वॉचमन तर वॉचमन.

ओ, थांबा. ती पहार तशी आत नका टाकू. झाकणाखाली नको. वर ठेवा, घोंगडीच्या उजव्या अंगाला, हात टाकला की पहिली तीच लागली पाहिजे. — हां, तशी. आता लावा डिकी. निघा, स्कुटीचा आवाज आला.