बावीस वर्षांची पोटदुखी

नाही, तुम्हीच सांगा, ऑपरेशन माझं, टाके माझ्या पोटाला, आणि हातमोजेही मीच विकत घ्यायचे? बिलात लिहिलंय तसं! बारा जोड! डॉक्टरला हात किती हो, दोनच ना? पित्ताशयात खडा निघाला एवढासा, आणि बिल... बिल बघून दुसरा झाला असेल! दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्याचं हेच ऑपरेशन निम्म्यात झालं होतं. पण म्हटलं, घाबरतोय कोण, आपला विमा आहे. तीन वर्षं हप्ता भरला, एक दिवस चुकवला नाही!

विमा उतरवून दिला साडूनं, एजंट आहे तो. "दादा, तुम्ही निवांत आजारी पडा, पुढचं माझ्यावर सोडा!" पडलो. तर कंपनीचं पत्र, दावा नामंजूर! का? तर आजार बावीस वर्षांचा, तुम्ही लपवलात. अहो, दुखायला लागलं मंगळवारी, टेबलावर झोपलो गुरुवारी!

फोन केला. आधी पाऊण तास गाणं. मग गोड आवाज, "सर, केसपेपरवर तसंच आहे, सर." मागवला केसपेपर. तुम्हाला सांगतो, चष्म्याचं दुकान आहे माझं, दिवसभर लोकांकडून बारीक अक्षरं वाचून घेतो, पण या डॉक्टरच्या अक्षराला दोन भिंगं लागली... आणि सापडलं! मी खाटेवर कळवळतोय आणि तो बायकोला विचारतोय, "यांचं पोट कधीपासून दुखतंय?" मंगळवारपासून म्हणावं की नाही माणसानं? तर आमची ही, "लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय! आज पोट, उद्या पाठ, परवा डोकं!" त्यानं लग्नाची वर्षं विचारली आणि दिलं ठोकून, बावीस!

"अगं, असं सांगतात का?" तर म्हणे, "बोलायची पद्धत असते ती. त्यानं लिहायचं कशाला?" घ्या! तीन वर्षं हप्ता भरला, एक दिवस चुकवला नाही, आणि बुडाला कशात, तर बोलायच्या पद्धतीत!

हसू नका हो. लेकीच्या कॉलेजचे पैसे त्या काउंटरवर मोजून आलो होतो मी. ती "असू दे बाबा" म्हणाली ना, तेव्हा टाक्यांपेक्षा जास्त दुखलं.

शेवटी साडू म्हणाला, "ताईंनी वकिलासमोर लेखी द्यायचं, बास." आणि दिलं हिनं! 'लग्नापासून या आजारपणापर्यंत माझ्या पतीने कशाहीबद्दल एकदाही तक्रार केलेली नाही.' वर ठसठशीत सही ठोकली! लेक साक्षीदार, ती तर तोंडावर ओढणी धरून बाहेरच पळाली.

पैसे मिळाले, नाही म्हणत नाही. यंदा हप्ता दीडपट झालाय. भरला मुकाट्यानं. न भरून जातो कुठे, पुढचा खडा काय विचारून येणार आहे?

पण त्या कागदाची झेरॉक्स तिनं फ्रिजवर चिकटवलीय. भाजी खारट झाली म्हणून तोंड उघडलं, की ही नुसतं तिकडे बोट करते, आणि मी आपला "छान झालीय" म्हणून गिळतो... काय करणार, कंपनीला कळलं तर दिलेले पैसे परत मागतील हो!