पाच पैशांवरचे दोन पोचे

भिलाईच्या त्या फोटो स्टुडिओत पासपोर्ट फोटोसाठी खोळंबलेल्या उन्नतीच्या कानावर काउंटरवरचं बोलणं पडत होतं. म्हाताऱ्यानं फोटोवाल्यापुढे पाच पैशांचं नाणं ठेवलं होतं.

“काका, अख्ख्या नाण्याले ही मॅक्रो लेन्स बस झाली.”

“अख्खं नाई पायजे. काठावरचे हे दोन पोचे मोठे दिसले पायजे.”

“मंग लेन्सच्या मागं हा भात्यावानी बेलोज लावा लागन. पन चेपलेलं कावून? माह्यापाशी कोरं आहे, त्याचा काढतो.”

“कोऱ्याचं काय करू? हे माह्या पोरीनं चावलं होतं. ॲल्युमिनिअम नरम असते.”

“आता मोठी झाली असन ते. घेऊन या, तिचाबी फोटो काढू.”

“दोनच दात आलते तिले, भाऊ. तेवढेच आले.”