दंडातला उंदीर

फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर शिंपीणबाई आपला निर्जीव हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारी एक सलूनवाला आपल्या थोरल्या बहिणीशी बोलत होता.

"ताई, प्लास्टर निघालं, पण हात मेलाय गं. मसल गेलेत म्हणे."

"मसल म्हणजे काय, ठाऊक आहे?"

"झाली तुझी शाळा सुरू!"

"ऐक तरी. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ छोटासा उंदीर. कातडीखाली पळतो ना, म्हणून."

"उंदीर? माझ्या दंडात?"

"हो. त्याच शब्दावरून समुद्रातल्या एका शिंपल्याचंही इंग्रजी नाव पडलंय, मसलच."

"कमाल आहे! पण माझा उंदीर मेला."

"मेला नाही, दडलाय. असा टक लावून बसलास तर बिळातून यायचा नाही. डोळे मीट. समोर गिऱ्हाईक बसलंय. उचल कात्री."

"उचलली... मान जरा खाली घ्या, साहेब."

"अरे..."

"काय झालं?"

"उघड डोळे. हळूच. दंडाकडे बघ."

"ताई! हलला! अगं, जिवंत आहे की!"

"ओरडू नकोस, दडेल पुन्हा."

शिंपीणबाईंनी गुपचूप डोळे मिटले आणि मनातल्या मनात सुईत दोरा ओवायला घेतला.