ताबूत कम्प्यूटरवर काढला तवा

मी दस्तगीर. गाव आमचं सांगली जिल्ह्यातलं, आमी पिंजारी, म्हंजे कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या आन मोहरम आला की गावाचा ताबूत बांधायचा, ही कामं आमच्या घरात बापजाद्यापासनं. मला त्यातलं एक बी धड आलं न्हाई. आब्बा म्हणायचं, ह्याच्या हातात धुनकी दिली तर हा कापूस सोडून धुनकीच पिंजून ठिवंल. मग पाचगणीला एका शाळेत लॅबोरेटरीत शिपाई म्हणून लागलो, बाटल्या धुवायच्या, आन शाळेत कम्प्यूटर आलं तवा त्या खोलीची किल्ली माज्याकडं आली. किल्ली आली म्हंजे काय, झाडू मारायचा, पडदं ओढायचं, पोरांच्या चपला दाराभाईर काढायला लावायच्या.

आता तुमी इचारताय ते नकाशा काढायच्या सॉफ्टवेअरचं. काय सांगू तुम्हाला, त्यातलं मोठं सॉफ्टवेअर बड्या इंजिनेराच्या हापिसात असायचं, त्याची किंमत ऐकून आमच्या सरांनी कानाला हात लावला हुता. आन एक स्वस्तातलं आलं, एका मासिकासंगट, फ्लॉपीवर. सरांनी बघितलं, म्हणालं, ह्यात काय दम न्हाई दस्तगीर, तुला पायजे तर बस खेळत. दम नव्हताच त्यात. रेघ मारायची, गोल काढायचा, काढल्यालं फिरवायचं, मोठं न्हाईतर बारीक करायचं, बस्स. काळा पडदा, हिरवी रेघ, आन मधीच लाईट गेली की सगळं मुसळ केरात. पर मला त्याचा नादच लागला. शाळा सुटली की बसायचो, आधी लॅबोरेटरीचं टेबल काढलं, मग शाळेचं फाटक काढलं. बायको म्हणायची, आवं टेबल समोर हाय की, त्याचा नकाशा काढून काय मिळतंय? बरोबर हुतं तिचं, मिळत काय नव्हतं. पर रेघ जितं सांगितली तितंच थांबायची ह्याचं लय सुख वाटायचं, माज्या हातानं जल्मात सरळ रेघ आली नव्हती. पाचगणीच्या पावसात फ्लॉपीला बुरशी यायची, तवा मी एका डब्यात बल्ब लावून त्यात फ्लॉप्या ठिवायचो, कोंबडीची पिल्लं ठिवत्यात तशा.

तर ताबुताचं. आमच्यात ताबूत वरनं खाली बांधत्यात. आधी कळसाचा मजला करायचा, तो उचलून त्याच्याखाली दुसरा, त्याच्याखाली तिसरा, असं करत पाया सगळ्यात शेवटी. बांबू, सुतळी, कागूद, दुसरं काय न्हाई. आठ बाजूंचा असतोय, आन हरेक मजला वरच्यापरास एका वितीनं रुंद, वीत बांधणाऱ्याची. न्यायचा तवा त्याचा कोपरा पुढं करून न्यायचा. कोपऱ्याच्या एका बाजूला आमच्या घराचा खांदा, दुसऱ्या बाजूला यशवंतनानांच्या घराचा. नाना आमच्याच गल्लीतलं, मराठा, आब्बाचं बारकंपणापासनचं दोस्त. कोपरा पुढं म्हंजे कुणी एकटा पुढं न्हाई, दोघं बरोबरीनं, असा तो मान.

नानांचा पोरगा विलास सांगलीत नोकरीला लागला, त्यानं घरावर स्लॅब टाकला आन गल्लीच्या अंगाला गॅलरी काढली. लय हौसेनं काढली, नवी नवरी आली हुती घरात. मोहरम जवळ आला तसं आब्बानं मान वर करून बघितलं, म्हणालं, यशवंता, गल्ली चिंचोळी झाली, ताबूत अडकतोय हितं. विलास म्हणाला, न्हाई चाचा, रग्गड जागा हाय. आन ते दिवस वाईट हुतं. शहरातनं नको त्या बातम्या यायच्या, आमच्या गावात काय नव्हतं, पर पारावर आमी गेलो की लोकं इषय बदलायची. त्यात कोण म्हणालं, यंदा एक मजला कमी करा. दुसरा म्हणाला, का म्हणून करायचा? आब्बा त्या दिशी जेवलं न्हाईत.

मी सुट्टीवर आलो हुतो, म्हणालो, भांडताय कशाला, मी कम्प्यूटरवर काढून सांगतो. विलास आन मी मिळून टेपनं गल्ली मापली. मग आब्बाला इचारलं, पाया किती रुंद? आब्बा म्हणालं, पाया आल्यावर कळंल की रं, आत्ताच कसं सांगू? आता ते सॉफ्टवेअर खालनं वर जाणारं आन आब्बा वरनं खाली येणारं. मग पाचगणीला जाऊन मी पडद्याच्या पार वरच्या टोकाला कळस काढला आन एकेक वीत वाढवत खाली उतरलो. पडद्यावर ताबूत गॅलरीच्या बाजूनं आरामात गेला. टर्र टर्र करत कागूद छापला, गावाकडं आणला, नानांच्या घरात सगळ्यास्नी च्या झाला. आब्बानं कागूद मांडीवर पसरला आन म्हणालं, ही वीत कुणाची धरलीस? म्हणालो, माझी. आब्बा हसलं, लय दिसांनी हसलं. म्हणालं, येड्या, ताबूत तू बांधतोयस का मी? त्यांनी माज्या हातावर हात ठिवला तर चांगलं एक पेर जास्त. हर मजल्याला एक पेर, वरनं खालपातूर किती झालं बघा. परत काढला. अडकला.

मग मला आठवलं, आठ कोनी वस्तू कोपऱ्यातनं मापली तर जास्त भरती, सपाट बाजूनं कमी. पडद्यावर ताबूत जरासा फिरवला, कोपरा सोडून सपाट बाजू पुढं केली, तर गेला की पार! मला वाटलं जिंकलो. पारावर कागूद दाखवला, गॅलरीपुरता जरा फिरवायचा, झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आन मग एक म्हातारा म्हणाला, मग पुढं कुणाची बाजू?

डावीकडं फिरवला तर आमचं घर पुढं, उजवीकडं फिरवला तर नानांचं. कम्प्यूटरला दोन्ही सारखंच. पर गावाला नव्हतं. सांच्यापातूर दोन्हीकडची पोरं बोलाय लागली, आमचाच मान, आमचाच मान, कुणी तरी कुणाच्या कॉलरला हात घातला. ज्या पोरांस्नी कवा ताबुताला खांदा द्यायचा ठाऊक नव्हता ती बी मान मान करत हुती. आब्बा म्हणालं, दस्तगीर, तुजा कागूद घडी करून ठिव बाबा. मी लय भ्यालो. यंदा ताबूत निघतोय का न्हाई, आन निघाला तर घरला धड येतोय का, हेच डोक्यात.

सकाळी नाना आमच्या दारात. बसलं बी न्हाईत. आब्बाला म्हणालं, बाबालाल, मी पुढं गेलो तर तू मागं, तू पुढं गेलास तर मी मागं. त्यापरास गॅलरीच मागं गेल्याली बरी. आब्बा म्हणालं, खुळा का काय तू, पोराची नवी गॅलरी हाय, मी एक मजला कमी करतो. नाना म्हणालं, तुज्या बानं कवा केला हुता का? विलास मागं उभा हुता, तोंड उतरल्यालं. मग मला म्हणाला, दस्तगीर, किती कापायची सांग. परत घडी उघडली, माप सांगितलं, त्यानं वर चढून खडूनं रेघ मारली. रेघ वाकडी आली. मग मी वर जाऊन पुसली आन पट्टी लावून सरळ मारली. गवंड्यानं पयला घाव घातला तवा आतनं विलासच्या बायकोचं रडू ऐकाय आलं. मी खाली आलो.

मोहरमला ताबूत निघाला, कोपरा पुढं, आब्बा आन नाना बरोबरीनं. गॅलरीजवळ हलगी बंद पडली, आन बोटभर जागा सोडून ताबूत निघून गेला. आब्बा घरी येऊन ढसाढसा रडलं.

त्याला आता बरीच वर्सं झाली. दरम्यान साताऱ्यातनं जोडून आणल्याला कम्प्यूटर घरी घेतला, सॉफ्टवेअर बी नवीन आलंय, रंगीत, वस्तू भवऱ्यागत फिरवून दाखवतंय. हाय, बरं हाय. आब्बा गेलं. ताबूत आता चुलतभाऊ बांधतो, त्या जुन्या कागदावरनं, आब्बाची वीत धरून. नानांच्या जागी विलासचा खांदा असतोय. नाना थकल्यात, वर कापल्याल्या गॅलरीत खुर्ची टाकून बसत्यात, शेजारी सूनबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी. ताबूत म्होरनं चालला की नाना हात लांब करून त्याच्या कागदाला लावत्यात, तोच हात कपाळाला लावत्यात, आन दर वर्साला वरनं मला वरडत्यात, दस्तगीर, बोटभर जास्तच कापलीस बघ. मी म्हणतो, व्हय नाना, चुकलंच.