न फाडलेलं पान

आजच्या समारंभाचे अध्यक्ष कर्नल प्रुइटसाहेब, व्यासपीठावरील संशोधन केंद्राचे सन्माननीय डॉक्टर, आपल्या सत्कारमूर्ती नदीन ऑस्टरबाई आणि सभागृहात जमलेल्या माझ्या माजी सैनिक बंधुभगिनींनो,

मी रूबेन आर्चुलेटा. जरा येरझाऱ्या घालतच बोलेन. पाठीशी दार असलं की मला काही सुचत नाही. आणि ते फुगे तेवढे कुणीतरी बाहेर न्या. एक जरी फुटला, तरी अर्धं सभागृह टेबलाखाली जाईल आणि केक राहील बाजूला.

आज निवृत्त होणाऱ्या नदीनबाईंनी बारा वर्षं आम्हाला गांजा मोजून दिला. हसू नका, सरकारी मंजुरीचा होता. लढाईवरून आलेल्या माणसाला त्यानं झोप लागते का, हे तपासायचं होतं. निम्म्यांना खरा, निम्म्यांना सत्त्व काढून घेतलेला नुसता पाला. कुणाला काय मिळालं, हे बाईंनाही ठाऊक नसे. आम्हाला मात्र तिसऱ्या दिवशी कळायचं. मला खरा मिळाला होता. मला जळत्या गाडीतून ओढून काढणारा माझा दोस्त वेंडेल बिगे, त्याच्या वाट्याला पाला. दिवसाकाठी दीड तास झोपायचा बिचारा. आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? मी माझ्यातला अर्धा त्याला दिला.

आणि मग शहाणपणाचा कळस केला. आम्हाला रोज झोपेची वही भरावी लागे. फौजेत अठरा वर्षं पहाऱ्याची नोंदवही लिहिलेला हा हात, तो काही खोटं लिहीना. लिहून टाकलं, 'अर्धा वेंडेलला दिला. तो सलग पाच तास झोपला.' खाली तारीख, वेळ, सही.

सोमवारी बाईंनी वही उघडली आणि चष्मा काढला. "रूबेन, हे काय लिहिलंयस?"

"घडलं तेच."

"मग तुम्ही दोघंही बाद."

मी हातापाया पडलो. "बाई, पान फाडा. माझं सोडा, वेंडेलला तरी राहू द्या. पुढच्या टप्प्यात पाला मिळालेल्यांना खरं औषध मिळणार आहे."

"एक पान फाडलं, तर बाकीच्या वह्या खऱ्या कोण मानेल?"

"चुलीत गेल्या तुमच्या वह्या. माणूस मरतोय इथं."

बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, पण पान शाबूत राहिलं. त्यानंतर पार्किंगमध्ये मी त्यांना जे बोललो, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

वेंडेलला कायद्यानं औषध कुठं मिळेना. चोरून घ्यावं, तर शाळेची बस चालवायची नोकरी जाणार. सात महिने तो पुन्हा जागाच. त्यातच त्याची बायको आर्लीन पोरांना घेऊन माहेरी दुरँगोला निघून गेली.

मग विधानसभेच्या समितीपुढे सुनावणी लागली, आपल्यासारख्यांना डॉक्टरच्या चिठ्ठीवर गांजा मिळावा की नाही याची. एक आमदार म्हणाले, "या वह्या तुम्ही सोयीनं भरून घेतल्या नाहीत कशावरून?" बाईंनी नावं झाकून माझं पान पुढे ठेवलं. म्हणाल्या, "हे आमच्या फायद्याचं होतं. तरी दोघांना काढलं." विधेयक एका मतानं तरलं आणि आपल्याला चिठ्ठीवर औषध मिळू लागलं.

म्हणून मी तुम्हाला माफ केलं का, बाई? खरं सांगू? पुरतं नाही. आर्लीन अजून परतलेली नाही. उद्या तीच वही उघडलीत, तर मी पुन्हा 'फाडा' म्हणेन आणि तुम्ही पुन्हा फाडणार नाही. आणि तरीही, तुमच्यामागं त्या वह्या कुणाच्या हाती जाणार, या काळजीनं आठवडाभर माझ्या जिवाला चैन नाही.

असो. हिरव्या मिरचीच्या रश्श्याचा वास सुटलाय, आवरतं घेतो. मला बोलू दिलंत, आभार. उणाअधिक शब्द गेला असेल तर फौजी जीभ म्हणून पोटात घाला. फक्त एवढी विनंती, टाळ्या वाजवू नका, नुसते हात वर करा. मागून तिसऱ्या रांगेत, दाराकडे पाठ करून, वेंडेल झोपलाय.