शंखातली सतरा पिल्लं

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेले निवृत्त बसड्रायव्हर पलीकडच्या बाईंना मोबाईलवर फोटो दाखवत होते.

"हा शंख बघा. या जातीचे मासे रिकाम्या शंखात राहतात, पिल्लंही तिथेच वाढवतात. आत आई बसलीय. करंगळीएवढा मासा, पण टाकीत हात घातला की चावायला धावते."

"माशांची हौस तुम्हाला?"

"छे, लेकीला. ती नोकरीला परगावी गेली आणि टाकी माझ्या गळ्यात पडली. तिच्याकडे चार वर्षांत एक पिल्लू जगलं नव्हतं."

"आणि तुमच्याकडे?"

"सतरा. ती साफसफाईला सारखे शंख उचलायची. मी त्यांना हातच लावला नाही."

"मग लेक काय म्हणाली?"

"तिकडे नवी टाकी घेतलीय. काल फोनवर म्हणाली, 'बाबा, तुम्ही सांगाल तसं करते.' तिच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकलं हो."