रेच्याचा निरोप

निकिता : नाजिया, हात काढ त्या कीबोर्डवरून! जिनचे शेठ मुहूर्ताचा नारळ घेऊन घरून निघाले, अन् तू चालत्या प्रोग्रामचा क्लास उघडून बसलीस?

नाजिया : चालता कुठं यार? सकाळी पाह्यलं नाहीस का? प्रिंटरचा कागद संपला अन् सगळे निरोप त्याच्या मागं लाइनीत उभे. सरकी काढणारा रेचा तापल्याचा निरोप आगीच्या भोंग्यापर्यंत पोचलाच नाही. कापसाच्या गंजीत ठिणगी पडली असती, तं ती कागद बदलेपर्यंत थांबली असती का?

निकिता : मग निरोप पोचवणाऱ्या लॉगरच्या क्लासमध्ये दोन ओळी टाक. प्रिंटर अडला तर पुढे जा. झालं!

नाजिया : अन् नेरचा जिनवाला मोबाइलवर निरोप मागून राह्यला, त्याच्यासाठी अजून दोन ओळी. फुलसावंगीवाल्याले प्रिंटरच नको, त्याच्यासाठी अजून दोन. दर गावाले हाच क्लास फाडायचा अन् शिवायचा. आपण कोडची लायब्ररी बनवून राह्यलो का गोधडी?

निकिता : गोधडी निदान ऊब देते. तुझी ही लायब्ररी आज आपल्याला घरी पाठवणार.

पुंडलिकराव : काय गलबला आहे व माय? फोरमन मी आहो इथला, शेठ मले इचारतीन. मागचं साल हे जिन बंद होतं. कापूस पिकला नाही, पिकला त्याले भाव नाही, अर्धे लोकं पुण्याले गेले. औंदा पह्यली गाडी दारात आली, बैलायच्या शिंगाले गोंडे बांधून! अन् तुमचं हे आगीची खबर देणारं यंत्र मुकं!

निकिता : काका, थोडं थांबा ना.

पुंडलिकराव : मी थांबीन, शेठ थांबतीन का? बाजूच्या गावातल्या जिनात आग लागली, तवापासून त्यायले झोप नाही. सांगून ठेवलं हाये, मुहूर्ताच्या आधी भोंगा वाजला तं ठेवा, नाही तं वायरी उपटून फेका.

नाजिया : वाजते काका. पहिले हा लॉगर स्वतःच सगळ्यायच्या दारोदार जायचा. प्रिंटरनं दार नाही उघडलं, का तिथंच उभा. आता त्याले एकच काम. निरोप घ्यायचा, अन् ज्यायची नावं नोंदवली त्या सगळ्यायले एक-एक प्रत द्यायची. प्रिंटर, भोंगा, मोबाइल, हर एकाच्या कोडची फाइल अलग. कोण काय करते, लॉगरले माहीतच नाही. एक अडला तं अडू दे, बाकीचे चालू!

पुंडलिकराव : म्हणजे लग्नाच्या पत्रिकेवानी. आपण वाटल्या, आता येणारा येईन.

निकिता : भोंगा तरी आला पाहिजे हो काका, तो नवरदेव आहे!

नाजिया : अन् नवरदेवाले बजावलं हाये, फक्त आगीचा निरोप उचल. तेल घाला, पट्टा घट्ट करा, याच्यासाठी बोंबलू नको.

निकिता : बोलतेस तर गोड. चालवून दाखव.

नाजिया : प्रिंटरचा कागद काढ. मुद्दाम. काका, तुम्ही चहाची किटली घेऊन जा, गरम पाहिजे. रेच्यावर ते ताप मोजणाऱ्या तारेचं टोक हाये ना, त्याले लावून धरा.

(पुंडलिकराव किटली घेऊन जातात. रेचे सुरू होतात. कॉम्प्युटरच्या कोठीचं दार लागतं.)

निकिता : वाजला! अगं नाजिया, वाजला! कागद नाही तरी वाजला!

नाजिया : इकडं पाह्य, नोंदीच्या फाइलमध्येही आला! अन् प्रिंटर अडल्याचा निरोपही आला! तो बसला रडत, पण कोणाची वाट नाही अडवली त्यानं. या अल्ला, मले रडू येऊन राह्यलं.

पुंडलिकराव : काय नाचून राह्यल्या? फेल हाये तुमचं! किटली धरून हात भाजला माहा, तिथंच तारेले टेकवून आलो. कुठं हाये भोंगा?

निकिता : काका, वाजला की!

पुंडलिकराव : मी रेच्यापाशी उभा, अन् वाजला तुमच्या कानात? काढा त्या वायरी. तिकडं गाडीचे बैल उधळले, गाडीवान बोंबलून राह्यला, अन् इथं पोरी मस्करी करून राह्यल्या.

नाजिया : बैल कवा उधळले काका?

पुंडलिकराव : आत्ताच. मी किटली लावली, तवाच.

नाजिया : काहून उधळले?

पुंडलिकराव : आता बैलायच्या मनातलं मी काय…

निकिता : काका…

पुंडलिकराव : खरंच वाजला का?

नाजिया : अजून वाजून राह्यला, काका.

पुंडलिकराव : बंद कर. बंद कर तो.

नाजिया : केला.

पुंडलिकराव : तुमचं बोलणं येते मले ऐकू. माणसाचं येते. हे असं चिरकं, बारीक, ते गेलं. रेच्यापाशी उमर गेली न माय, तिथंच कान गेले. शेठले सांगू नोका. ज्याले आगीचा भोंगा ऐकू येत नाही, असा फोरमन कायले ठेवतीन ते?

निकिता : नाजिया, सरक.

नाजिया : काय करतेस?

निकिता : काकांचे डोळे शाबूत आहेत ना? दिवा लावू. भोंग्याच्या फाइलशेजारी दिव्याची फाइल. निरोप आला की पेट. बास. वायरींच्या पेटीत एक तार रिकामी आहे.

नाजिया : अन् क्लास?

निकिता : बोट नाही लावलं! फक्त दिव्याचं नाव नोंदवायची एक ओळ, तीही बाहेर! अगं, हे भलतंच भारी आहे!

नाजिया : मघाशी कोणाले तरी गोधडी पाहिजे होती.

निकिता : गप बस, दिवा शोध.

पुंडलिकराव : फाटकावर मुहूर्ताचा लाल बल्ब लावला हाये. आणू का? पण शेठ आले तं?

निकिता : आले तर म्हणा, रोषणाई आत नेली.

नाजिया : द्या इकडं. झालं. आता तुम्ही तुमच्या जागेवर उभे राहा काका, किटली मी लावते.

पुंडलिकराव : पेटला! अवं माय, पेटला! काढ किटली. विझला! लाव! पेटला! पाह्य कसा लालबुंद, कुंकवावानी!

निकिता : काका, या बाहेर! शेठ आले, नारळ फोडतायत!

पुंडलिकराव : दिवा कायले लावला इचारलं तं?

नाजिया : तं सांगू, रेच्यायच्या घरघरीत एकट्या भोंग्याचा भरवसा नाही. झूठ थोडीच हाये?

पुंडलिकराव : नाजिया, असा अजून एक लावता येते का?

नाजिया : कितीही लावा काका. एक ओळ लागते फक्त.

पुंडलिकराव : मंग पल्याडच्या रेच्यावर लाव, रामधनच्या. आम्ही दोघं संगच कामाले लागलो होतो. तोही कोणाले सांगत नाही.